नाशिकच्या मुलीला बर्फ दाखवायचा, तर मे महिन्यात की जानेवारीत?

प्रश्न – कॉलेज रोडची आई

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. डिसेंबरमध्ये शाळेने ऋतूंवरचा तक्ता करून आणायला सांगितला होता. तिने निळ्या कार्डशीटवर कापूस चिकटवून स्नोमॅन केला, त्याला मिऱ्यांचे डोळे लावले आणि डिंक वाळेपर्यंत शेजारी बसून मला विचारले, “आई, खरा बर्फ हाताला कसा लागतो?” माझा जन्म पंचवटीतला आणि यजमानांचा सिन्नरचा, आकाशातून पडलेला बर्फ आम्हा दोघांपैकी कोणीच कधी पाहिलेला नाही. त्यामुळे “थंड लागतो” एवढेच मला सांगता आले, आणि तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

म्हणून जानेवारीत आम्ही तिला दुसऱ्या शहरातल्या एका मॉलमधील बर्फाच्या दालनात घेऊन गेलो. तिथे पाऊण तासाची वेळ दिली होती. भाड्याने मिळालेले जॅकेट आधीच्या मुलाच्या घामाने ओलसर होते, बूट दोन नंबर मोठे होते आणि खालचा बर्फ इतका टणक होता की घसरगुंडीवरून दुसऱ्यांदा उतरताना तिचे कोपर खरचटले. पंचविसाव्या मिनिटाला बोटे दुखतात म्हणून ती रडू लागली आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “हा तर गोळेवाल्याकडचाच बर्फ आहे.” मला हसूही आले आणि खर्च केलेल्या पैशांचे वाईटही वाटले.

आता यजमानांचा विचार मे महिन्याच्या सुट्टीत मनाली आणि रोहतांगला जाण्याचा आहे. सासूबाई मात्र “एवढ्याशा पोरीला निमोनिया करून आणाल” असे म्हणून रोज सकाळी विषय काढतात. माझी अडचण थोडी वेगळी आहे. ज्या मुलांच्या दारात दरवर्षी बर्फ पडतो, ती त्यात नेमके काय खेळतात? आपल्याकडच्या मुलाला दोन दिवसांत त्यातले काही खरोखर मिळते का, की आपण केवळ फोटो काढून परत येतो? जाणकारांनी अनुभवावरून सांगावे.

उत्तर – गंगापूर रोड ते माँट्रियल

ताई, मी मूळची गंगापूर रोडची. गेली अकरा वर्षे कॅनडातल्या माँट्रियलमध्ये राहते, आणि माझा आठ वर्षांचा मुलगा इथेच जन्मला. या शहरात एका हिवाळ्यात सरासरी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. पहिला बर्फ बहुधा नोव्हेंबरात येतो आणि रस्त्याकडेचे शेवटचे काळपट ढीग वितळेपर्यंत एप्रिल उजाडतो. त्यामुळे इथल्या मुलांना बर्फाचे अप्रूप असते ते पहिल्या दिवशीचे. त्यानंतर आपल्याकडे जुलैतला चिखल असतो तसा तो त्यांच्या आयुष्यात असतो, म्हणजे खेळायलाही असतो आणि कटकटीलाही.

खेळापेक्षा कपड्यांविषयी आधी लिहिते, कारण सगळे गणित तिथेच आहे. इथल्या पाळणाघरात अगदी तान्ही सोडली तर सगळी मुले थंडीतही रोज बाहेर नेतात, आणि त्याआधी कपड्यांचा जो सोहळा चालतो तो एकदा पाहण्यासारखा असतो. आधी बर्फाची विजार, मग बूट, मग जॅकेट, टोपी, गळ्याभोवती बसणारी लोकरी नळी आणि सर्वांत शेवटी हातमोजे, कारण हातमोजे आधी चढवले तर चेन लावता येत नाही. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना जॅकेट स्वतः घालायला शिकला. जॅकेट जमिनीवर उताणे पसरायचे, त्याच्या गळ्याच्या बाजूला उभे राहायचे, वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि ते डोक्यावरून मागे उलटवायचे. पंचवीस मिनिटे कपडे, तीस मिनिटे खेळ, आणि परत आल्यावर ओले मोजे वाळत घालणे, असा तो कार्यक्रम असतो. लांब मफलर मात्र पाळणाघरात चालत नाही, कारण घसरगुंडीत अडकून गळफास बसण्याची भीती असते.

तुमच्या मुलीला मॉलमध्ये रडू आले ते बर्फामुळे नव्हे, कपड्यांमुळे आले असणार. ओलसर अस्तर, सैल बूट आणि बहुधा सुती मोजे असतील, तर इथले मूलही दहा मिनिटांत रडेल. सुती कापड एकदा भिजले की उब धरत नाही. अंगालगत लोकरी किंवा वाळणारे कृत्रिम धाग्याचे कापड, त्यावर मऊ जाडसर थर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारा थर, एवढे जमले तर उणे दहातही मुलांना घरात बोलावून आणावे लागते. बोटे एकत्र राहणारे हातमोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा जास्त उबदार असतात.

आता खेळाविषयी. चित्रातला स्नोमॅन इथेही रोज होत नाही, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. फार थंडी असेल, म्हणजे उणे पंधरा वगैरे, तेव्हाचा बर्फ कोरड्या पिठासारखा असतो. मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, उघडली की उडून जातो. तापमान शून्याच्या जवळ आले आणि कणांवर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा आला, तरच तो एकमेकांना धरतो. इथले फ्रेंच बोलणारे लोक त्याला चिकटणारा बर्फ असेच म्हणतात, आणि तो पडला की शाळेच्या मैदानावर अर्ध्या तासात भिंती उभ्या राहतात. उरलेल्या दिवसांत घसरणे असते. माँ रोयाल नावाच्या टेकडीच्या उतारावर ढकलगाडीसारख्या लाकडी घसरगाड्या, प्लास्टिकची चटई, क्वचित पुठ्ठासुद्धा घेऊन मुले शंभर वेळा वर चढतात आणि शंभर वेळा खाली येतात. चढण्यातच त्यांचा अर्धा वेळ जातो आणि अंग गरम राहते. मॉलच्या दालनात हे चढणे नसते, हाही फरक लक्षात घ्यावा.

धोकेही आहेत. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या नांगराने कडेला लोटलेल्या ढिगात बीळ करून बसू नये, हे इथे मुलांना पुन्हा पुन्हा बजावतात, कारण बीळ आतल्या मुलावर कोसळू शकते आणि नांगर चालवणाऱ्याला ते मूल दिसत नाही. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली गेली की अनेक शाळा मधली सुट्टी वर्गातच देतात.

एक गंमत सांगते. मार्चमध्ये मेपलच्या झाडाचा रस उकळून दाट करतात आणि तो गरम पाक स्वच्छ बर्फावर ओततात. तो घट्ट झाला की काडीला गुंडाळून खातात. आईबाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा बाबा काडी हातात धरून म्हणाले, “कालाखट्टा नाही का यांच्याकडे?”

आणि माझ्या मुलाचे सांगायचे तर तो गेल्या वर्षी रंगपंचमीला नाशिकला होता. तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडलेली, लोक त्यात धप्पा मारत, म्हणजे उड्या घेत होते. त्याने आधी मला विचारले, “इथे उडी मारायला काही घालावे लागत नाही?” कपडे न चढवता घराबाहेर धावत सुटणे हेच त्याच्यासाठी अप्रूप होते. माँट्रियलला परतल्यावर शाळेत त्याने बर्फाविषयी नव्हे, रहाडीविषयी सांगितले.

उत्तर – देवळालीचा जुना तोफखानावाला

मी तोफखान्यातून निवृत्त झालो असून सेवेतील बरीच वर्षे लडाख आणि काश्मीरमध्ये काढली आहेत. वरच्या ताईंनी कपड्यांविषयी लिहिलेले अक्षरशः बरोबर आहे. मी मे महिन्याविषयी लिहितो, कारण तुमच्या यजमानांची चूक तिथे होते आहे असे मला वाटते.

आपली शाळांची सुट्टी उन्हाळ्यात येते आणि बर्फ हिवाळ्यात पडतो, हे या प्रकरणातील मूळ दुखणे आहे. काश्मीरमध्ये उलट आहे. तिथे शाळांना मोठी सुट्टी डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते, आणि 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा जो कडक थंडीचा काळ चिल्लई कलान म्हणून ओळखला जातो, तो मुलांचा सुट्टीचाच काळ असतो. फेरनाच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून ओसरीत बसलेली आजी आणि अंगणात एकमेकांना बर्फाचे गोळे हाणणारी नातवंडे, हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्या गोळेफेकीला तिथे शीन जंग म्हणतात. शीन म्हणजे पडलेला बर्फ. लेहमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि मुले-मुली त्यावर आइस हॉकी खेळतात. आपल्याकडे गल्लीतले क्रिकेट जसे आहे, तसा तो तिथला खेळ आहे.

मे महिन्यात मात्र मनाली गावात बर्फ नसतो. मनाली सुमारे 2050 मीटर उंचीवर आहे. त्या वेळी बर्फ गाठण्यासाठी रोहतांगपर्यंत, म्हणजे 3978 मीटरपर्यंत चढावे लागते. सात वर्षांच्या मुलीला काही तासांत एकोणीसशे मीटर वर नेऊन लगेच खेळायला सोडणे मला पटत नाही. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, आणि लहान मुलाला “डोके दुखते” हे नीट सांगताही येत नाही. ते फक्त किरकिर करते, खायला नको म्हणते, उलटी करते. आपण समजतो की गाडी लागली. अशा वेळी औषध शोधत बसू नये, सरळ खाली उतरावे. शिवाय मे महिन्यातला तो बर्फ म्हणजे महिनोन्‌महिने दिवसा वितळलेला आणि रात्री पुन्हा गोठलेला, खडीसाखरेसारखा दाणेदार थर असतो, त्यावर घोड्यांची लीद आणि मक्याच्या कणसांची बुरकुंडे. मुलीला तो गोळेवाल्याचाच वाटला तर तिचे काही चुकणार नाही.

जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत गेलात, तर मनालीजवळच्या सोलंगला, साधारण अडीच हजार मीटरवर, बर्फ मिळण्याची शक्यता खूपच जास्त असते आणि नशीब असेल तर मनालीतच मुक्कामाच्या दारात पडतो. अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाल्यापासून, रस्ता चालू असेल तर त्यातून डोंगरापलीकडच्या सिस्सू गावालाही जाता येते. मात्र ताजा बर्फ पडला की तेच रस्ते बंद होतात, चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, म्हणून कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवावेत. चार रात्री एकाच ठिकाणी राहणे हे सात ठिकाणे पाहण्यापेक्षा बरे. सहल कंपनीच्या वेळापत्रकात बर्फासाठी दोन तास ठेवलेले असतात, आणि त्यातला पाऊण तास भाड्याचे कपडे घेण्यात जातो.

गॉगल विसरू नका. ताजा बर्फ उन्हातील अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ऊन वरूनही लागते आणि खालूनही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलासुद्धा ऊन अडवणारे मलम लावावे. तिथे भाजते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बोटे पांढरी पडून बधिर झाली, तर ती चोळू नयेत आणि हीटरला लावू नयेत. कोमट पाण्यात ठेवावीत, किंवा सरळ आपल्या काखेत धरावीत. पूर्ववत होताना ती झोंबतात आणि मूल तेव्हाच जास्त रडते; घाबरू नये.

उत्तर – विज्ञानाचे मास्तर, सिडको

“हा तर गोळेवाल्याकडचाच बर्फ आहे” हे वाक्य मी वर्गात सांगणार आहे, परवानगी असावी. मुलीचे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे.

मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि हिमालयात पडतो त्यालाही बर्फच म्हणतो. शब्द एक असल्यामुळे दोन्ही वस्तू एकच आहेत असा मुलांचा समज होतो. पाणी गोठून झालेला बर्फ वेगळा, आणि ढगातल्या वाफेचे पाणी न होता थेट स्फटिक होऊन पडणारे हिम वेगळे. त्या स्फटिकाला सहा बाजू किंवा सहा फांद्या असतात आणि फांद्यांमध्ये हवा अडकते. म्हणून दहा सेंटिमीटर ताजा थर वितळवला तर साधारण एक सेंटिमीटरच पाणी मिळते. बाकी सगळी हवा. तो पायाखाली दबतो, कुरकुरतो आणि आवाजही शोषून घेतो. उष्ण प्रदेशातल्या दालनांमध्ये बहुधा एकतर बर्फ किसून पसरतात, किंवा थंड हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडून ते गोठवतात. दोन्हींत आधी पाणी असते आणि मग बर्फ होतो. फांद्या नसतात, बारीक चुरा किंवा गोलसर मणी असतात. हैदराबादचे असे दालन 2004 मध्ये सुरू झाले, दुबईत 2005 मध्ये तर आख्खा स्कीचा उतारच मॉलमध्ये बांधला. घसरण्यासाठी ती जागा वाईट नाही, पण “हाताला कसा लागतो” या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळत नाही.

ते उत्तर मनालीला जाण्याआधी घरात थोडेसे मिळू शकते. कोणाकडे जुना, एका दाराचा, हाताने डिफ्रॉस्ट करावा लागणारा फ्रीज असेल, तर त्याच्या बर्फाच्या कप्प्याच्या कडेला जो पांढरा भुसभुशीत थर धरतो तो पहा. स्वयंपाकघरातील हवेतली वाफ थेट गोठून तो तयार झालेला असतो. म्हणजे घडणीच्या दृष्टीने तो मॉलमधल्या बर्फापेक्षा हिमाला जवळचा आहे. लाकडी उलथन्याने अलगद खरवडून थंड केलेल्या स्टीलच्या वाटीत घ्या, मुलीला चिमटीत दाबू द्या, आणि भिंग असेल तर पाहू द्या. सुरीने खरवडू नका. आमच्याकडे गॅसची नळी फुटून फ्रीज गेला होता, ती चूक माझीच. आणि हा थर खायला देऊ नका.

सासूबाईंविषयी आदर राखून सांगतो की निमोनिया थंडीने नव्हे, जंतूंमुळे होतो. हिवाळ्यात लोक दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात, तेव्हा तो संसर्ग सहज पसरतो. मोकळ्या हवेतल्या बर्फापेक्षा विमानतळावरची गर्दी त्या दृष्टीने जास्त जोखमीची. मात्र मुलीला दमा असेल, तर कोरड्या थंड हवेने श्वासनळ्या आकसतात, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

उत्तर – निफाडचा बागायतदार

सगळ्यांनी हिमालयाचे लिहिले आहे, म्हणून मी आमच्या तालुक्याचे लिहितो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात निफाडचे नाव येते आणि शहरातली मंडळी गाडीत स्वेटर घालून फोटो काढायला येतात. हवा चार अंशांवर असली, तरी निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि हवेपेक्षा अधिक गार होते. त्यामुळे गवतावरचे दव पहाटे गोठलेले सापडते. माझी मुले लहान असताना पहाटे बांधावर जाऊन गवताच्या पात्यावरचा तो पांढरा पापुद्रा नखाने काढून एकमेकांच्या मानेत घालत. सूर्य वर आला की दहा मिनिटांत खेळ संपे. त्याच वेळी मी द्राक्षबागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवून धूर धरत असे आणि विहिरीचे पाणी ठिबकमधून सोडत असे, कारण त्या थंडीने मण्यांची फुगवण थांबते आणि पक्व मण्यांना तडे जातात.

एक प्रसंग सांगतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, त्यात आमचीही बाग सापडली. वीस मिनिटे पत्र्यावर दगड पडावेत असा आवाज होता. थांबल्यावर अंगण पांढरे झाले होते, पायरीपर्यंत थर होता. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने आईचे दुधाचे पातेले आणले, गारांनी भरले, त्यांची रास केली, वर काडी खोचली आणि मला हाक मारली, “बाबा, बघा, आपल्याकडे बर्फ पडला.” मी बागेच्या तोंडाशी उभा होतो, घड खाली, तारेवर नुसत्या काड्या. त्याला रागावावे असे मनात आले होते, पण रागावलो नाही. पातेल्यातल्या गारा दुपारपर्यंत टिकल्या. तो आता मोठा झाला आहे, आणि त्या दिवसाविषयी विचारले तर अजूनही त्याला आधी पातेलेच आठवते.

उपयोगाची गोष्ट एवढीच, की हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फ आणणारी वादळी हवा, पुढे सरकला की मागून उत्तरेचा गार वारा आमच्यापर्यंत येतो. म्हणजे निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचाल, तेव्हा वर बहुधा नुकताच बर्फ पडून गेलेला असतो. तिकीट त्यावर काढू नका, पण आमचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो.

उत्तर – पंचवटीकर

माझे मत वेगळे आहे. आमच्या पिढीने आयुष्यभर गोळाच खाल्ला आणि काही बिघडले नाही. मुलीला बर्फ दिसला नाही म्हणून तिचे बालपण अपुरे राहते, ही समजूत चित्रांच्या पुस्तकांनी करून दिली आहे. माँट्रियलच्या पोराला रहाड हवीशी वाटते यातच सगळे आले. जायचे तर जरूर जा, पण कर्ज काढून जाऊ नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर – कॉलेज रोडची आई

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीकर काका, कर्ज काढणार नाही, आणि तुमचे म्हणणे यजमानांना वाचून दाखवले. ते मे महिन्याच्या आरक्षणावरून मागे हटले, यात देवळालीच्या काकांच्या लिदीच्या वर्णनाचा वाटा मोठा आहे. आता पुढच्या फेब्रुवारीत पाच दिवस मनालीतच राहायचे आणि रोहतांगचे नाव काढायचे नाही असे ठरवले आहे. शाळेला रजेचा अर्ज देऊ. दुसरीऐवजी तिसरीचे पाच दिवस बुडतील, तेवढे चालेल.

मास्तरांचा प्रयोग रविवारी केला. आमचा फ्रीज थर न धरणारा आहे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे गेलो. त्यांनी तीन महिने डिफ्रॉस्ट केलेला नव्हता, त्यामुळे भरपूर माल मिळाला. मुलीने वाटीत अंगठ्याएवढा स्नोमॅन केला आणि मिरी मोठी पडते म्हणून मोहरीचे डोळे लावले. हातात धरून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा आधी मऊ लागतो, मग थंड लागतो, मग चावतो.” तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. स्नोमॅन आता आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे आहे, आणि दिवसातून चार वेळा दार उघडले जात असल्यामुळे तो रोज बारीक होतो आहे.

एक शेवटची शंका आहे. सासूबाईंनी निमोनियाचा विषय अजून सोडलेला नाही, पण त्यांनी परवा मेन रोडवरून लोकर आणली आणि हातमोजे विणायला घेतले आहेत. लोकरीचे हातमोजे बर्फात चालतात का? त्यांना नको म्हणायचे माझ्या जिवावर येते.

उत्तर – गंगापूर रोड ते माँट्रियल

नको म्हणूच नका. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी उब देते, त्यामुळे आतल्या थरासाठी ती उत्तम. फक्त त्यावरून घालायला पाणी न शिरणारे मोठे हातमोजे घ्या आणि ते लोकरीच्या मोज्यांवर चढतात ना, हे नाशिकमध्येच घालून पहा. सासूबाईंना चारही बोटे एका पिशवीत आणि अंगठा वेगळा, असे विणायला सांगा, आणि दोन जोड करायला सांगा, कारण एक वाळत असतो. दोन्ही मोज्यांना एकच लांब लोकरीचा दोरा जोडून तो जॅकेटच्या एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत ओवून घ्या. माझ्या मुलाचे पहिल्या हिवाळ्यात पाच मोजे हरवले, आणि पाचही डाव्या हाताचे.